ठाण्याचा कोट, नेवाळीची धावपट्टी आणि मामा

शुक्रवार, ठाणे

ठाण्याचा किल्ला बघायचाय म्हटलं की माणसं आधी हसतात. तो किल्ला म्हणजे मध्यवर्ती कारागृह. आत जायचं तर काहीतरी करून जावं लागतं. कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात आलं की बाहेरून भिंतीच्या कडेकडेनं जेवढं चालता येईल तेवढं चालायचं, बस्स.

सोबत मामा होते. आईचे चुलतभाऊ, फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडले आणि मग बरीच वर्षं इकडेच एका कंपनीत सिक्युरिटीला होते. कळव्याला दोन खोल्यांचं घर आहे. आमच्या साताऱ्याकडे फौजेत जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्या मुलखातला माणूस युद्धाबद्दल बोलताना आवाज चढवत नाही, आणि मामा तर बोलतच नाहीत.

हा कोट पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. पुरा व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, तो मराठ्यांकडे आला. त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथून निसटले ते बहुतेकांना माहीत असतं, मोतद्दारानं गाण्यातून निरोप पोचवल्याच्या गोष्टीसकट. राघोजी भांगऱ्यांना १८४८ मध्ये इथे फाशी दिलं. कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला. ही नावं राहिली, ते योग्यच झालं. मी आलो होतो ते मात्र ज्यांची नावं राहिली नाहीत त्यांच्यासाठी, २८ डिसेंबर १७७४ साठी.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना पुण्यात थारा राहिला नव्हता आणि ते इंग्रजांची मदत शोधत होते. साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, आणि वसई यांवर मुंबईकर इंग्रजांचा कित्येक वर्षं डोळा. दादांशी बोलणी चालू असतानाच खबर आली की गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघालंय. त्यांनी घ्यायच्या आत आपण घेऊ, असं मुंबई कौन्सिलनं ठरवलं. गव्हर्नर हॉर्नबी, फौजेवर जनरल गॉर्डन. म्हणजे शेजारच्या घरावर दुसरा डल्ला मारणार होता म्हणून आपणच मारला, अशातली गत. वेढ्याच्या सुरुवातीलाच कमोडोर वॉटसन जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजवायचा प्रयत्न फसला, सुमारे शंभर गोरे सैनिक पडले. दुसऱ्या संध्याकाळी कोट पडला आणि आत घुसलेल्या सैनिकांनी बहुतेक सगळी शिबंदी कापून काढली. इंग्रजांनीच हे लिहून ठेवलंय. कारणही दिलंय: आदल्या रात्रीच्या नुकसानीमुळे शिपाई चवताळलेले होते.

हे मी भिंतीपाशी उभं राहून मामांना सांगितलं. रिक्षा वाजत होत्या, समोर कैद्यांना भेटायला आलेल्या बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या.

मामा म्हणाले, "आदल्या रात्री शंभर पडले होते ना?"

"हो."

"मग होतं असं."

मला ते आवडलं नाही. होतं असं, म्हणजे पाऊस पडला, पूर आला, तसंच का? कुणीतरी हुकूम दिला असेल, किंवा कुणीतरी द्यायला हवा होता तो दिला नसेल. हे मी बोलून दाखवलं. मामांनी उत्तर दिलं नाही. तळ्याकडे चला म्हणाले.

मासुंद्याच्या काठावर बसून मी त्यांना पुढची गोष्ट ऐकवली, कारण खरी गंमत पुढेच आहे. ६ मार्च १७७५ ला मुंबईकरांनी दादांशी सुरतेचा तह केला. दादांना गादी, इंग्रजांना साष्टी-वसई. पण १७७३ च्या कायद्यानं लढाई-तहाच्या बाबतीत कलकत्त्याचं कौन्सिल मुंबईच्या डोक्यावर बसलं होतं, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कलकत्त्याहून पत्र आलं ते कडक होतं: ही लढाई अविचाराची आहे, धोक्याची आहे, परवानगीशिवायची आहे आणि अन्यायाची आहे. अन्यायाची! कंपनीच्याच वरिष्ठांनी कंपनीच्या लढाईला लेखी अन्याय म्हणावं, असा कागद रोज सापडत नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पुण्याला धाडलं आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द.

आणि साष्टी? ती इंग्रजांकडेच राहिली.

मध्ये वडगावची लढाई झाली, आणखी लढाया झाल्या, १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. दादांना महिन्याला २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच. ज्या लढाईला तुम्ही स्वतः अन्याय म्हणालात तिचं फळ तुमच्या ताटात कसं, हे कलकत्त्याला कुणी विचारलं नाही. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज, त्याच्यावर पुढे विलायतेत महाभियोग चालला, वर्षानुवर्षं चालला, तो निर्दोष सुटला. त्यात ठाण्याच्या शिबंदीला कोण विचारतो.

मला वाटतं, युद्धाची जबाबदारी घेणं म्हणजे काय हे तपासायला हा कोट बरा आहे. चूक झाली असं म्हणायला फार काही लागत नाही, एक पत्र पुरतं. घेतलेलं परत द्यायची वेळ आली की मात्र सगळ्यांची वाचा बसते.

मामलेदार मिसळ खाल्ली. मामांनी दोन वेळा तर्री मागून घेतली आणि मला डोळ्यातून पाणी काढताना बघून बरं वाटलं त्यांना.

शनिवार, उल्हासनगर आणि नेवाळी

कळव्याहून स्लो लोकल, कल्याणला उतरून पुढची गाडी. शनिवार असूनही गर्दी होती.

उल्हासनगर हे शहर दुसऱ्या महायुद्धानं वसवलंय. इंग्रजांनी इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प उभारला, दोन हजारांवर बराकी. जपानी आघाडीकडे जाणारं सैन्य इथे थांबायचं. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून सुमारे एक लाख माणसं त्यात येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात, एक ते पाच. फर्निचरची दुकानं, जीन्सचे कारखाने, आणि मध्येच एखादी जुनी बराक, तिच्यावर चढवलेले दोन मजले.

एका दुकानात चहा घेतला. गल्ल्यावरचे काका सत्तरीचे असावेत. जन्म इथलाच, वडील शिकारपूरहून आलेले. फाळणीचा जाब कुणाला विचारावासा वाटतो का, असा माझा थोडा शहाणपणाचा प्रश्न होता. काका म्हणाले, "बाबूजी आले तेव्हा बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये साडी लावलेली होती. जाब विचारायला वेळ पाहिजे ना. ते पापड लाटत होते." मराठी अगदी स्वच्छ. मग त्यांनी मामांना आमच्यापेक्षा स्वस्त सोफा ठाण्यात मिळणार नाही हे पटवायला घेतलं.

विठ्ठलवाडीकडून रिक्षानं नेवाळीला गेलो. रस्ता वाईट, धूळ भरपूर, समोर मलंगगडाचा सुळका. नेवाळीत बघण्यासारखं काही नाही, म्हणून इथे कुणी फिरायला येत नाही. मोकळं माळरान आहे. त्याच महायुद्धात इंग्रज सरकारनं इथे विमानांसाठी धावपट्टी केली आणि त्यासाठी आसपासच्या गावांची शेकडो एकर जमीन घेतली. युद्ध १९४५ मध्ये संपलं. इंग्रज १९४७ मध्ये गेले. जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. शेतकरी मधल्या काळात तिथे भात लावत राहिले, आपलीच जमीन म्हणून. नौदलानं कुंपण घालायला घेतलं तेव्हा २२ जून २०१७ ला आंदोलन भडकलं. पोलिसांच्या गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे मारले, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली.

गाड्या जाळणं मला मान्य नाही. पण टपरीवर ज्यांच्याशी बोललो त्या गृहस्थांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. आजोबांना सांगितलं होतं, लढाई आहे, लढाई संपली की बघू. "लढाई संपलीय की नाही ते तुम्हीच सांगा आता," ते म्हणाले. कागद आहेत का विचारलं तर आहेत म्हणाले, कुणाकडे सातबाराचे जुने उतारे, कुणाकडे काहीच नाही. देशाला तळ लागतो, धावपट्टी लागते, मान्य. पण १९४२ साली परक्या सरकारनं युद्धाच्या नावाखाली घेतलेली जमीन आपल्या सरकारला आपोआप कशी काय मिळते? घेणारा बदलला, पण ज्याच्याकडून घेतली तो तोच आहे.

काल तळ्याकाठी मी साष्टीबद्दल तावातावानं बोललो होतो. मामांनी इथे मला त्याची आठवण करून दिली, एका वाक्यात. "कलकत्तेवाले आता दिल्लीला राहतात म्हण की."

रविवार, कळवा

कुठे गेलो नाही. मामींनी बिरड्याची उसळ केली होती. वाल सोलायला मला बसवलं. मामी रायगडच्या, त्यामुळे मामांच्या घरात वाल आणि आमच्याकडची खर्डा-भाकरी दोन्ही नांदतात.

दुपारी सोसायटीतले दोघे-तिघे गप्पांना आले आणि विषय २०२५ च्या मे महिन्याकडे गेला. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, त्यातले तिघे डोंबिवलीचे, म्हणजे इथून चार-पाच स्टेशनांवरचे. पुढे ७ मेची कारवाई, मग सीमेवरचा तोफमारा, आणि पूंछमध्ये घराघरांवर पडलेले गोळे. त्या दिवसांत टीव्हीवर कराची बंदर उडवल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या खोट्या निघाल्या. एक शेजारी अजूनही म्हणत होते की युद्ध मध्येच थांबवायला नको होतं, आणखी आठ दिवस मिळायला हवे होते.

मामांनी विचारलं, "पूंछला?"

शेजाऱ्यांना ते कळलं नाही. म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारलं. मामा पुन्हा उसळीकडे वळले.

ते गेल्यावर मी पहिल्यांदाच थेट विचारलं. मामा १९८७ ते ८९ श्रीलंकेत होते, शांतिसेनेत, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडचं कुणाला काही माहीत नाही. तिथे आपले सुमारे १,२०० जवान गेले. त्यांच्या नावांचं स्मारक श्रीलंकेनं कोलंबोजवळ बांधलं. आपलं राष्ट्रीय युद्ध स्मारक दिल्लीत झालं ते २०१९ मध्ये. परत आलेल्यांचं स्वागत करायला मद्रासला मुख्यमंत्रीही गेले नव्हते.

आणि २१-२२ ऑक्टोबर १९८७ आहे. जाफनाचं सरकारी इस्पितळ. साठाहून जास्त माणसं तिथे मेली, रुग्ण, नर्स, डॉक्टर. तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईनं, तिथून गोळीबार केला आणि उलट गोळीबारात माणसं सापडली, असं आपल्या सैन्याचं म्हणणं. जे मेल्यासारखे पडून राहिले आणि वाचले, ते वेगळं सांगतात: सैनिक वॉर्डात शिरले आणि मारत गेले. त्याबद्दल आपल्याकडे कुणावरही खटला चालला नाही. त्याच्या दहा दिवस आधी जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख तुकडीतल्या तिसांपैकी एकोणतीस जणांना वाघांनी मारलं होतं. शंभर पडले होते ना, हा मामांचा परवाचा प्रश्न मला तेव्हा वेगळा ऐकू आला.

"तुम्ही होता तिथे?"

"इस्पितळात नव्हतो." आणि थोड्या वेळानं, "उद्या किती वाजता निघायचंय?"

सोमवार, बेलापूर आणि खारघर

ठाण्याहून पनवेल गाडी. ऐरोली, रबाळे, घणसोली. खिडकीतून खाडी कमी आणि काचेच्या इमारती जास्त.

बेलापूरचा किल्ला लवकर आटोपतो. बुरूज, थोडी भिंत, झाडी, आणि चहूबाजूंनी नवी मुंबई. चिमाजी आप्पांनी जिंकल्यास अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा नवस केला होता, अशी कथा सांगतात. मामांना चिमाजी आप्पा फार प्रिय. वसईचा वेढा ते तिथे असल्यासारखे सांगतात: सुरुंग, तटाला पडलेली खिंडारं, हजारोंनी पडलेले मावळे, आणि मे १७३९ मध्ये शरण आलेल्या पोर्तुगीजांना आप्पांनी सन्मानानं, बायकामुलांसकट जाऊ दिलं ते. "एवढी माणसं पडली होती आपली. तरी कापाकापी नाही केली," मामा म्हणाले. परवाच्या 'होतं असं' ला हे त्यांचंच उत्तर होतं. नेहमीच होतं असं नाही. वर कोण उभा आहे यावर ते ठरतं.

दुपारी खारघरला मावसभावाकडे जेवायला. वहिनी बंगाली, माहेर बर्धमानचं, मराठी आमच्याइतकीच. जेवणं झाल्यावर ती बाळाला झोपवत होती आणि गाणं म्हणत होती, त्यात 'बोर्गी' ऐकू आलं. मला ते माहीत होतं, मामांना नव्हतं. मी तिलाच सांगायला लावलं. ती संकोचली, मग हसत म्हणाली, "मामा, हे तुमचंच गाणं आहे. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बारगीर आले. बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता खंडणी कुठून द्यायची."

वसईनंतर तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, भास्करपंत कोल्हटकरांची मराठी फौज बंगालात उतरली. बर्धमानचा मुलूख त्यात सगळ्यात आधी भरडला. गावं जाळली, पैशासाठी माणसांचे हाल केले, बायकांवर अत्याचार झाले. बंगाली कवितेत त्याच काळात हे लिहिलं गेलंय, गावांच्या नावांनिशी. कलकत्तेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातलं काय होतं? १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दगा दिला, एवढं. त्यांच्यावर झालेला दगा आम्हाला पाठ आहे. तिकडे लेकरांना झोपवताना अजून आमचं भय घालतात.

मामा म्हणाले, "ते नागपूरकर भोसले. पेशवे नव्हेत."

खरं आहे. पण १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः बंगालात गेले ते अलीवर्दीकडून २२ लाख रुपये घेऊन रघुजी भोसल्यांना हुसकायला. मग साताऱ्याला शाहू महाराजांनी दोघांत मुलूख वाटून दिला, बंगाल रघुजींच्या वाट्याला गेला आणि पुढच्या वर्षी फौज परत तिथे. १७५१ मध्ये तह झाला तेव्हा ओरिसा आणि वर्षाला १२ लाख चौथाई मिळाली. मुंबईनं केलं, कलकत्त्यानं नाही केलं. नागपूरनं केलं, पुण्यानं नाही केलं. वाटा मात्र सगळ्यांच्या हाताला लागला, आणि आम्ही साताऱ्याचे, तेव्हा वाटणी आमच्याच गावात झाली.

हे मी बोललो. भाऊ म्हणाला, तीनशे वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलास, माफी मागायची का आता? वहिनी म्हणाली, माफीबिफी नको, पुस्तकात चार ओळी घाला. मला तिचं म्हणणं पुरेसं वाटतं. निदान सुरुवात म्हणून. मामा सोफ्यावर बसून त्या बाळाकडे बघत राहिले होते, चहा तसाच.

परतीच्या गाडीत नेरूळनंतर ते आपणहून बोलायला लागले. मी फोनमध्ये टिपून घेऊ का विचारलं. घे म्हणाले, पण युनिटचं नाव नको, सोबत्यांची नावं नको. त्यांनी सांगितलेलं असं:

जाफनाजवळ कोपायच्या बाजूला घरं तपासायची होती. आदल्या दिवशी सुरुंगात दोन पोरं गेली होती, त्यातला एक मामांच्या शेजारच्या खाटेवरचा. एका घराचं दार उघडेना म्हणून तोडलं. आत म्हातारी आणि दोन मुली, स्वयंपाकघरात भाताच्या पोत्यामागे. शिपायांपैकी एकानं रायफल उलटी धरून म्हातारीला मारलं. विनाकारण. सुभेदारानं त्याचा हात धरला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. सुभेदार कडक होता, त्या आठवड्यात त्यांच्या पलटणीकडून जे झालं नाही ते त्याच्यामुळे झालं नाही. दुसऱ्या तुकड्यांचं मामांना माहीत नाही, ऐकलेलं ते सांगणार नाहीत. नंतर कॅम्पात कुणी काही विचारलं नाही, वरून नाही, खालून नाही. परत आल्यावर गावात नाही, घरात नाही. मामींनी पण नाही. म्हातारी जगली का ते माहीत नाही. दार साध्या फळ्यांचं होतं, निळ्या रंगाचं, आणि त्याचे पैसे कुणी दिले नसणार.

ठाण्याला उतरून कळव्याच्या गाडीसाठी थांबलो तेव्हा मी विचारलं की कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं का. म्हणाले, त्या वेळी बहुतेक खोटं सांगितलं असतं. मारणारा पोरगा आमच्याच तालुक्यातला होता.

हा मजकूर टाकण्याआधी मामांना वाचून दाखवला. कोपाय हे नाव आधी मी चुकीचं ऐकलं होतं, ते त्यांनी नीट करून दिलं. सुभेदाराबद्दल अजून एक वाक्य घालायला सांगितलं, ते घातलं. म्हातारीच्या परिच्छेदातली दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.